स्मृतीची साक्ष तपासताना

(आणीबाणीच्या काळातील ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या आठवणी संकलित करण्यासाठी अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत निघणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपण हाती घेतलेले काम वरकरणी सोपे वाटते. वडीलधाऱ्या मंडळींच्या घरी जायचे, त्यांच्यासमोर बसायचे, ते सांगतील ते लिहून घ्यायचे. पण या कामात एक अशी अडचण दडलेली आहे की, ती आधीच ओळखली नाही तर आपण मोठ्या श्रद्धेने आणि परिश्रमाने असत्याचे संकलन करून बसू. ती अडचण म्हणजे मानवी स्मृतीचा स्वभाव. आज मला त्याविषयी बोलायचे आहे.

प्रथम या कामाची निकड ध्यानात घ्या. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली आणि २६ जूनच्या सकाळी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून ती देशाला कळविली. ४ जुलै रोजी संघावर बंदी आली. १४ नोव्हेंबरपासून देशभर सत्याग्रहाचे पर्व सुरू झाले. त्या सत्याग्रहात जो तरुण विशीत होता, तो आज सत्तरी ओलांडून गेला आहे. जे तेव्हा चाळिशीत होते आणि ज्यांच्या खांद्यावर खरा भार होता, त्यांपैकी बहुतेक आज आपल्यात नाहीत. म्हणजे ही साक्ष दरवर्षी क्षीण होत चालली आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. इतर कोणत्याही काळाचा इतिहास लिहिताना आपण त्या वेळची वृत्तपत्रे उघडतो. आणीबाणीत वृत्तपत्रांवर प्रसिद्धिपूर्व नियंत्रण होते. कोणाला पकडले, कोठे सत्याग्रह झाला, कोणाच्या घरची चूल कशी पेटली, यातले फारच थोडे छापले गेले. भूमिगत पत्रके निघाली; पण ती जवळ बाळगणेच धोक्याचे असल्यामुळे वाचून झाल्यावर ती जाळली किंवा फाडली गेली. त्यामुळे त्या एकवीस महिन्यांपुरता लिखित पुरावा तोकडा आहे आणि माणसांची स्मृती हाच पुष्कळदा एकमेव पुरावा आहे. सर्वसाधारण समजूत अशी की, पुरावा एकच असेल तर तो मुकाट्याने स्वीकारावा. वस्तुतः जी साक्ष एकटी उभी असते, तीच अधिक कसून तपासावी लागते.

स्मृती ही कणगी नव्हे

आपल्या सर्वांच्या मनात स्मृतीचे एक चित्र असते. कणगीत धान्य भरावे आणि लागेल तेव्हा तेच धान्य बाहेर काढावे, तसे अनुभव मनात साठतात आणि हवे तेव्हा जसेच्या तसे बाहेर येतात, असे आपल्याला वाटते. फार तर काही दाणे किडतील, म्हणजे काही गोष्टी विसरल्या जातील. पण जे उरेल ते तेच धान्य असेल. गेल्या शंभर वर्षांच्या संशोधनाने हे चित्र चुकीचे ठरविले आहे.

अनुभव घेणे, तो टिकविणे आणि तो पुन्हा आठवणे या तीन निरनिराळ्या क्रिया आहेत. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या सत्तावीस वर्षांच्या तरुणावर अपस्माराचे झटके थांबविण्यासाठी मेंदूची शस्त्रक्रिया करण्यात आली. तीत मेंदूच्या दोन्ही बाजूंचा 'हिप्पोकॅम्पस' नावाचा भाग बव्हंशी काढला गेला. झटके कमी झाले. परंतु त्यानंतर घडलेली घटना त्याच्या ध्यानात राहीना. बालपण आठवे, आईवडील आठवत. पण मघाशी भेटून गेलेला मनुष्य पुन्हा आला की तो त्याला सर्वस्वी नवा वाटे. नवल असे की, आरशात पाहून आकृती गिरविण्यासारखे हाताचे कौशल्य तो सरावाने शिकला, मात्र आपण हा सराव केला आहे हे त्याला कधीच आठवले नाही. स्मृती एकसंध नसते, तिचे अनेक प्रकार असतात आणि मेंदूत त्यांची कामे विभागलेली असतात, हे या एका दुर्दैवी माणसामुळे शास्त्राला उमगले.

पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती तिसरी क्रिया, म्हणजे आठवणे. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली आपले प्रयोग ग्रंथरूपाने मांडले. त्यांनी इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींची एक लोककथा वाचावयास दिली आणि पुढे निरनिराळ्या अंतराने ती सांगावयास लावली. प्रत्येक वेळी कथा आखूड होत गेली आणि अधिकाधिक इंग्रजी होत गेली. वाचकांना जे अपरिचित होते ते गळाले किंवा परिचित वस्तूंत बदलले. कोणीही खोटे बोलत नव्हते. गाळलेल्या जागा मनच भरत होते आणि भरताना आपल्याजवळची माती वापरत होते.

आपल्या गावाकडचा दाखला द्यायचा तर वऱ्हाडातील जुन्या घराची मातीची भिंत पाहा. पावसाने तिची माती झडते, घरची माणसे नवी माती कालवून ती लिंपतात. पन्नास वर्षांनी आपण म्हणतो, ही आजोबांच्या वेळची भिंत. भिंत तीच, जागा तीच, आडोसाही तोच. पण तिच्यातली आजोबांच्या वेळची माती किती, हे कोण सांगणार? आठवण अशीच असते. दरवेळी सांगताना ती थोडी झडते आणि दरवेळी ती लिंपली जाते. २००० साली करीम नादेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की, पक्की झालेली भीतीची आठवण पुन्हा जागी केली की काही काळ ती मऊ पडते आणि तिला मेंदूत नव्याने घट्ट व्हावे लागते. म्हणजे आठवणे ही केवळ वाचण्याची क्रिया नव्हे. ती काही अंशी पुन्हा लिहिण्याची क्रिया आहे.

प्रश्नाने बदलणारे उत्तर

ही माती बाहेरूनही येते. आपण प्रश्न विचारणारे आहोत, म्हणून हा भाग आपल्याला अधिक लागू आहे. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची चित्रफीत दाखविली आणि मोटारींचा वेग विचारला. प्रश्नातील एकच क्रियापद बदलले होते. मोटारी 'एकमेकींना लागल्या तेव्हा' असे विचारले, तेव्हा उत्तरांची सरासरी ताशी सुमारे ५१ किलोमीटर आली; 'एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा' असे विचारले, तेव्हा ती सुमारे ६६ किलोमीटर झाली. दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानंतर विचारण्यात आले की, फुटलेली काच दिसली होती का? चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. तरी सौम्य शब्द ऐकलेल्या पन्नासांपैकी सात जणांनी, आणि तीव्र शब्द ऐकलेल्या पन्नासांपैकी सोळा जणांनी ती 'पाहिली' होती. विचारणाऱ्याचा शब्द ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत जाऊन बसला होता.

आता आपला प्रश्न कसा असतो ते आठवा. "काका, पोलिसांनी तुमचा अमानुष छळ केला, तेव्हा तुम्ही कसे डगमगला नाहीत, ते सांगा." या एका वाक्यात छळही आला, तो अमानुष होता हेही आले आणि काका डगमगले नाहीत हेही आले. काकांना आता सांगण्यासारखे उरले काय? त्यांनी केवळ मान डोलवायची आहे. कदाचित त्यांना खरोखर छळ सोसावा लागला असेल. कदाचित एखाद्या शिपायाने त्यांना गुपचूप पाणी दिले असेल आणि त्या रात्री ते घरच्या आठवणीने रडलेही असतील. आपल्या प्रश्नाने हे दुसरे सत्य कायमचे पुसले गेले.

तुम्ही म्हणाल, लहानसहान गोष्टी बदलत असतील. पण आयुष्यावर ठसा उमटविणाऱ्या घटना तरी कोरल्यासारख्या राहतात. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे 'चॅलेंजर' हे अंतराळयान उड्डाणानंतर फुटले. ही बातमी कोठे, कशी, कोणाकडून कळली, हे अल्रिक नायसर आणि निकोल हार्श या संशोधकांनी विद्यार्थ्यांकडून दुसऱ्याच दिवशी लिहून घेतले आणि सुमारे अडीच वर्षांनी त्यांपैकी चव्वेचाळीस जणांना तेच पुन्हा विचारले. अकरा जणांच्या उत्तरात मुख्य बाबींपैकी एकही जुळली नाही. तरीही अनेकांना आपल्या आठवणीची पूर्ण खात्री होती. स्वतःच्या हस्ताक्षरातील पहिला कागद समोर ठेवल्यावरही जुनी आठवण परत आली नाही. यातून घ्यायचा धडा असा की, आठवण ठळक असणे, सांगणारा निःशंक असणे आणि तो प्रामाणिक असणे, यांपैकी कोणतीही गोष्ट आठवण बरोबर असल्याचे सिद्ध करीत नाही.

या दृष्टीने एक शक्यता सांगून ठेवतो. उद्या अकोल्यातील एखादे ज्येष्ठ तुम्हाला सांगतील की, पंतप्रधानांची आणीबाणीची घोषणा आपण घरी दूरदर्शनवर पाहिली. ते मनापासून सांगतील. पण १९७५ च्या जूनमध्ये दूरदर्शन मुंबई-पुण्यासारख्या देशातील मोजक्या शहरांपुरतेच होते. वऱ्हाडात ते पोहोचलेले नव्हते. मग हे चित्र कोठून आले? पुढे कधीतरी पाहिलेल्या चित्रफिती जुन्या आठवणीत मिसळून गेल्या. आशय टिकतो, पण तो आपल्याला कोठून मिळाला याची नोंद मन नीट ठेवीत नाही. स्वतः पाहिलेले, मित्राकडून ऐकलेले आणि नंतर वाचलेले हे सारे काही वर्षांनी एकाच 'मी पाहिले' या क्रियापदाखाली गोळा होते. अशा वेळी त्या ज्येष्ठांना खोटे ठरविणे हा अन्याय होईल आणि ते वाक्य तसेच छापणे हा इतिहासावर अन्याय होईल.

आपल्या परंपरेचा सावधपणा

हे सगळे शोध पश्चिमेकडून आले म्हणून दचकण्याचे कारण नाही, आणि आपल्याकडे हे सर्व आधीच होते असे म्हणून छाती फुगविण्याचेही कारण नाही. आपल्या शास्त्रकारांनी स्मृतीविषयी किती सावध भूमिका घेतली होती, तेवढे पाहू. न्यायशास्त्र ज्ञानाचे अनुभव आणि स्मृती असे दोन भाग करते. केवळ संस्कारापासून उत्पन्न होणारे ज्ञान ती स्मृती, आणि तिला नैयायिक प्रमेच्या, म्हणजे यथार्थ अनुभवाच्या, पंक्तीला बसवीत नाहीत. मूळ अनुभव यथार्थ असेल तर स्मृती यथार्थ, तो अयथार्थ असेल तर स्मृतीही अयथार्थ. तिला स्वतःचे स्वतंत्र प्रामाण्य नाही. पतंजलींनी चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्या, तेव्हा प्रमाण ही वृत्ती निराळी ठेवली आणि स्मृती ही निराळी.

वेदपाठाची परंपरा तर याच सावधपणातून उभी राहिली आहे. आपण अभिमानाने सांगतो की, हजारो वर्षे वेद मुखोद्गत राहिले, आणि तो अभिमान योग्यच आहे. २००३ साली युनेस्कोनेही या परंपरेचा गौरव केला. पण हे घडले कशामुळे? आमच्या पूर्वजांची स्मरणशक्ती अचूक होती म्हणून, असे सोपे उत्तर दिले जाते. मला ते पटत नाही. स्मरणशक्ती अचूक असती तर एक संहितापाठ पुरेसा होता. त्यांनी पदपाठ रचला, क्रमपाठ रचला, जटापाठ आणि घनपाठ रचला. क्रमात पहिले-दुसरे, दुसरे-तिसरे अशी पदांची जोडी चालते. जटेत पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पुन्हा पहिले-दुसरे. घनात याच्याही पुढे तिसरे पद घेऊन उलटसुलट आवर्तने होतात. एका ठिकाणी पद सुटले किंवा स्वर चुकला तर दुसऱ्या पाठात ती चूक उघडी पडते. शिवाय हे पठण एकट्याचे नसे. गुरू आणि सहाध्यायी यांच्या कानांसमोर ते होई. माणूस चुकणार हे गृहीत धरून, चूक सापडेल अशी व्यवस्था त्यांनी केली.

आपल्या अमरावती जिल्ह्यातील प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांचे उदाहरण घ्या. १८८१ ते १९१५ असे अवघे चौतीस वर्षांचे आयुष्य. तान्हेपणीच दृष्टी गेलेली. ग्रंथ दुसऱ्यांकडून वाचून घ्यायचे आणि ते मनात धारण करायचे. इतकी विलक्षण धारणा लाभलेल्या या सत्पुरुषानेही आपले विचार लोकांच्या आठवणीवर सोपविले नाहीत. सांगून लिहवून घेतले आणि शंभराहून अधिक ग्रंथ मागे ठेवले.

रिद्धपूरचा आदर्श

आपल्या कामाला सर्वांत जवळचा आदर्श मात्र याच जिल्ह्यात रिद्धपूरला आहे. श्रीचक्रधरस्वामींच्या निर्याणानंतर काही वर्षांतच, शके १२००, म्हणजे इसवी सन १२७८ च्या सुमारास, म्हाइंभटांनी तेथे लीळाचरित्राचे काम हाती घेतले. मराठीतील हा आद्य गद्य चरित्रग्रंथ मुळात आठवणींचे संकलन आहे. नागदेवाचार्य स्वामींच्या लीळांचे स्मरण करीत असत. म्हाइंभटांना वाटले, या लीळा लिहून ठेवल्या नाहीत तर पुढच्यांना त्या कशा कळणार? त्यांनी नागदेवाचार्यांकडून ऐकले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. ज्या शिष्याने जी लीळा प्रत्यक्ष पाहिली, त्याच्याकडे जाऊन त्यांनी ती मिळविली आणि मिळालेल्या लीळा नागदेवाचार्यांना दाखवून त्यांची शहानिशा केली. अनेक साक्षीदार, प्रत्यक्षदर्शनाचा आग्रह आणि जाणत्याकडून पडताळणी अशी ही तेराव्या शतकातील संशोधनपद्धती आहे.

पुढे जे घडले ते अधिक बोलके आहे. देवगिरीवर खिलजींची आक्रमणे झाली, त्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. मग ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा सिद्ध करण्यात आला. हिराइसा ही एकपाठी म्हणून त्या परंपरेत विख्यात. तिचा पाठ सिद्ध झाला. तसेच परशरामबास, रामेश्वरबास यांचेही पाठ झाले. हे पाठ सर्वत्र जुळेनात. अशा वेळी एकच पाठ ठेवून इतर बाजूला टाकण्याचा मोह कोणालाही झाला असता. त्या साधकांनी तसे केले नाही. अमक्याच्या स्मरणात हे असे आहे, तमक्याच्या स्मरणात असे आहे, अशी नोंद त्यांनी नावानिशी ठेवली. अशा पाठभेदाला त्यांनी 'वासना' हा शब्द वापरला. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली आणि १९७८ साली प्रसिद्ध झालेली लीळाचरित्राची प्रत चाळा. त्या वासना आजही वाचता येतात.

ज्या ग्रंथाला ते परमेश्वराच्या लीळांचा ग्रंथ मानीत, त्यातही मतभेद लपविण्याची त्यांना गरज वाटली नाही. त्यांची श्रद्धा तेवढी भक्कम होती. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही उभे राहिले आहे. आपण त्या भूमीचे वारस म्हणवतो, तर ही पद्धतीही वारशात घेतली पाहिजे.

ताजी नोंद आणि जुनी आठवण

न्यायालये हाच प्रश्न रोज हाताळतात. १९८३ साली गुजरातमधील एका खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, साक्षीदाराची स्मृती छायाचित्रासारखी असावी अशी अपेक्षा धरता येत नाही. तपशिलातील किरकोळ विसंगतीमुळे मूळ साक्ष टाकाऊ ठरत नाही. म्हणजे गाभा पाहा, तपशिलाला फाजील महत्त्व देऊ नका. १८७२ च्या पुरावा कायद्यात घटनेच्या वेळी किंवा लगेच नंतर केलेल्या नोंदीवरून साक्षीदाराला स्मृती ताजी करण्याची मुभा होती, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कायम आहे. कायदा ताज्या नोंदीला मान देतो तो अनुभवाने. प्रत्यक्षदर्शीची खात्री किती महाग पडू शकते, हे अमेरिकेत दिसले आहे. १९८९ पासून तेथे डीएनए चाचणीने शेकडो कैदी निर्दोष ठरले. त्यांपैकी बहुसंख्यांना शिक्षा होण्यामागे साक्षीदाराने केलेली चुकीची ओळख हे एक कारण होते.

ताज्या नोंदीचे मोल वऱ्हाडाने दाखवून दिले आहे. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, लोकमान्यांचे निकटचे सहकारी, १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष, यांनी अनेक दशके नेमाने इंग्रजीत रोजनिशी लिहिली. दिवस संपला की कोण भेटले, काय बोलणे झाले, कोठे जाणे झाले, याची नोंद व्हायची. तिच्यात अलंकार नाहीत, पुढे काय होणार याची जाणीव नाही, आणि हेच तिचे बळ आहे. त्यांच्या रोजनिशा आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि टिळकयुगाचा अभ्यासक त्यांच्याकडे वळल्याशिवाय पुढे जात नाही. गाडगेबाबांचेही तसेच. त्यांच्या नावावर आज कितीतरी वाक्ये फिरतात. पण १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये, देहावसानाच्या अवघ्या काही आठवडे आधी, मुंबईत वांद्र्याला झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. तो आवाज, ती बोली, श्रोत्यांना प्रश्न विचारून बोलते करण्याची ती रीत ऐकली, म्हणजे कोणते वाक्य बाबांचे वाटते आणि कोणते सुभाषितकाराने त्यांच्या तोंडी घातले, याचा कान तयार होतो.

आपल्याला प्रिय असलेली आठवण

आता जरा अवघड गोष्ट बोलतो. १९३० साली डॉक्टर हेडगेवार यांनी सरसंघचालकपदाची धुरा डॉ. परांजपे यांच्याकडे सोपवून यवतमाळ जिल्ह्यात जंगल सत्याग्रह केला. त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली आणि ते अकोला कारागृहात होते. फेब्रुवारी १९३१ मध्ये त्यांची सुटका झाली. अकोलेकरांना या गोष्टीचा अभिमान आहे. आता समजा, एखाद्या घरी तुम्हाला सांगितले गेले की, आमचे पणजोबा डॉक्टरांबरोबर अकोल्याच्या तुरुंगात होते. तुमचे डोळे चमकतील. वही पुढे ओढाल. नेमके याच क्षणी थांबा.

कदाचित ते खरेच तेथे असतील. कदाचित ते दहीहंड्याला खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ करण्याच्या सत्याग्रहात पकडले गेले असतील. कदाचित त्यांचा कारावास १९३२ चा असेल किंवा १९४२ चा. तीन पिढ्यांत वेगवेगळे तुरुंग एक झाले असतील आणि सर्वांत मोठ्या नावाभोवती आठवण गोळा झाली असेल. पणजोबांचा त्याग यामुळे कणभरही कमी होत नाही. पण शिक्षेची तारीख आणि सुटकेची तारीख जुळल्याशिवाय ते वाक्य छापायचे नाही.

मनाचा हा कल केवळ एखाद्या कुटुंबाचा नसतो, संघटनेचाही असतो. जी आठवण आपल्याला मोठे करते, ती आपण चटकन स्वीकारतो. जी आपल्याला अडचणीत आणते, तिला आपण पुरावा मागतो. विरोधकांच्या आठवणींतील विसंगती आपल्याला लख्ख दिसतात, आपल्या ज्येष्ठांच्या आठवणींतील दिसत नाहीत. म्हणून नियम उलटा करा. आठवण जितकी सोयीची, तितकी चाळणी बारीक. एक चुकीची तारीख, एक न घडलेला प्रसंग उघडकीस आला, तर त्याच्या आधाराने शेकडो खऱ्या यातना खोट्या ठरविल्या जातील. ज्यांनी नोकरी गमावली, ज्यांच्या घरातील स्त्रियांनी महिनोन्महिने एकटीने संसार ओढला, त्यांच्या सत्याला आपण आपल्या हाताने कमकुवत केलेले असेल.

काम कसे करावे

तेव्हा काही पथ्ये सांगतो. ज्येष्ठांना प्रथम एकटे भेटा. चारचौघांत आठवणी एकमेकींत मिसळतात आणि सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्याची आठवण सर्वांची होते. प्रारंभी एवढेच म्हणा, "त्या दिवसांविषयी आपल्याला जे आठवते ते सांगा." मध्येच तारीख पुरवू नका, नाव पुरवू नका, शाबासकीही देऊ नका. जुनी छायाचित्रे आणि कात्रणे त्यांचे बोलणे पूर्ण झाल्यावर दाखवा. संपूर्ण बोलणे ध्वनिमुद्रित करा आणि त्यावर दिनांक व स्थळ नोंदवा, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला आपल्या लेखणीवर अवलंबून राहावे लागणार नाही.

प्रत्येक प्रसंगाला एक प्रश्न अवश्य विचारा: हे आपण स्वतः पाहिले, कोणाकडून ऐकले, की नंतर वाचले? उत्तर समासात लिहा. "आठवत नाही" हे उत्तरही तितक्याच आदराने लिहा. जो माणूस आठवत नाही असे म्हणू शकतो, त्याच्या इतर सांगण्याचे वजन वाढते. 'मिसा'खालील स्थानबद्धतेचा आदेश, कारागृहातून आलेली पत्रे, नोकरीवरून निलंबित केल्याचा कागद, घरखर्चाची वही, असे काही घरात आहे का, ते विचारा. पुष्कळदा पेटीच्या तळाशी एखादे आंतर्देशीय पत्र सापडते आणि ते तासाभराच्या मुलाखतीहून अधिक सांगून जाते. घरातील स्त्रियांना स्वतंत्रपणे विचारा. तुरुंगाच्या आतली आठवण पुरुषांकडे आहे. बाहेरच्या एकवीस महिन्यांची त्यांच्याकडे आहे, आणि ती आजवर फारशी कोणी विचारलेली नाही.

दोन जणांचे सांगणे जुळले नाही तर रिद्धपूरची वाट धरा. दोन्ही पाठ नावानिशी ठेवा. कोणी भीतीपोटी माफीपत्र लिहिले असेल, कोणी मैत्री तोडली असेल, एखाद्या अधिकाऱ्याने माणुसकीने वागविले असेल, तर तेही गाळू नका. आणि तपासताना ज्येष्ठांना उलटतपासणीची जाणीव होऊ देऊ नका. पडताळणी कागदांशी करायची आहे, त्यांच्याशी वाद घालून नव्हे.

या सगळ्याचा अर्थ स्मृती निरुपयोगी आहे, असा काढू नका. तारीख चुकेल, क्रम चुकेल, कोण कोठे बसले होते ते चुकेल. पण मध्यरात्री दार वाजले तेव्हा पोटात उठलेला गोळा पन्नास वर्षे राहतो. त्या भीतीचा अर्थ, त्या धैर्याचे मोल कोणत्याही सरकारी कागदावर सापडणार नाही. कागद घटना सांगतो, घटनेने माणसाचे काय केले ते स्मृती सांगते. दोघांना एकमेकांच्या जागी बसविले नाही, म्हणजे झाले.

पुढच्या आठवड्यात तुम्ही पहिल्या घरी जाल. त्याआधी एक अभ्यास घरी करा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा तुम्ही कोठे होता, बातमी कोणाकडून कळली, कोण बरोबर होते, हे एका कागदावर लिहा. घरातील दुसऱ्या माणसालाही, तुमचा कागद न दाखवता, तेच लिहायला सांगा. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. जेथे ते जुळणार नाहीत, तेथे तुम्हाला आपलेच बरोबर आहे असे ठामपणे वाटेल. तो ठामपणा नीट ओळखून ठेवा आणि मग ज्येष्ठांच्या दारी जा.